किडनी मॅच होते म्हणजे नेमकं काय होतं?

नवऱ्याला बायकोनं किडनी दिली, सुनेला सासूनं दिली, दोन अनोळखी कुटुंबांनी एकमेकांच्या माणसांना किडन्या दिल्या, अशा बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. वाचून बरं वाटतं आणि तेवढाच गोंधळही उडतो. बायको काही रक्ताच्या नात्यातली नसते. मग तिची किडनी नवऱ्याला चालली कशी? आणि तिची चालते, तर दुसऱ्या एखाद्या घरात सख्ख्या भावाची किडनी डॉक्टरांनी नाकारली, ती का?

हा गोंधळ फक्त बातम्या वाचणाऱ्यांचा असता, तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. ज्या घरात कुणाची किडनी निकामी झाली आहे, तिथं याच गोंधळापायी महिनेच्या महिने वाया जातात. ‘तुमच्यापैकी कोण देऊ शकेल?’ असं डॉक्टरांनी विचारलं की घरात बैठक बसते, आणि तपासणी व्हायच्या आधीच निकाल लागतो. याचा रक्तगट वेगळा, तिचा निगेटिव्ह, वहिनी तर परक्या घरची, आईचं वय झालं. एकेक नाव गळत जातं आणि रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जात राहतो. यातल्या बऱ्याचशा कारणांना वैद्यकशास्त्रात काही आधार नाही.

दाता रुग्णासारखा किती आहे, हा प्रश्न दुय्यम आहे. रुग्णाच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध आधीच काही तयार होऊन बसलं आहे का, हा प्रश्न पहिला. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं समजायला जड जात नाही.

शरीर आपलं-परकं कसं ओळखतं

२३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये, पीटर बेंट ब्रिगॅम हॉस्पिटलात डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिक या तरुणाची एक किडनी त्याच्या भावाला, रिचर्डला बसवली. ती चालली, आणि रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगला. त्याआधी अनेकांनी प्रयत्न केले होते, पण बसवलेली किडनी काही काळातच बंद पडायची. या वेळी ती टिकली, कारण हे दोघे भाऊ एकाच बीजातून झालेले, हुबेहूब जुळे होते. खात्री करायला डॉक्टरांनी आधी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावून पाहिला होता. तो तुकडा शरीरानं झिडकारला नाही, तेव्हाच पुढचं पाऊल टाकलं. रक्तवाहिन्या जोडण्याचं कसब सर्जनांकडे त्याआधीही होतं. अडत होतं ते शरीर परकी किडनी ठेवून घेत नव्हतं म्हणून.

आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर ओळखीच्या खुणा असतात. त्यांना अँटिजेन म्हणतात. रोगप्रतिकारशक्ती या खुणा सतत तपासत असते. अनोळखी खूण दिसली की तिच्याविरुद्ध खास प्रथिनं तयार होतात, ती अँटिबॉडी. एकदा तयार झालेली अँटिबॉडी, किंवा निदान ती बनवण्याची आठवण, शरीरात वर्षानुवर्षं टिकते. लस घेतल्यावर आजारापासून संरक्षण मिळतं ते याच आठवणीमुळे. किडनीच्या बाबतीत हीच आठवण आडवी येते.

प्रत्यारोपणात दोन प्रकारच्या खुणा महत्त्वाच्या असतात. एक रक्तगटाच्या, दुसऱ्या एचएलएच्या.

रक्तगट: पहिली चाळणी

ए आणि बी या रक्तगटाच्या खुणा फक्त रक्ताच्या तांबड्या पेशींवर असतात असा आपला समज असतो. त्या किडनीतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही असतात. आणि आपल्या अंगात जी खूण नाही तिच्याविरुद्धची अँटिबॉडी आपल्याकडे लहानपणापासूनच असते, त्यासाठी कधी रक्त चढवलेलं असावं लागत नाही. बी गटाच्या माणसाच्या रक्तात ए-विरोधी अँटिबॉडी असतेच. त्याला ए गटाची किडनी तशीच बसवली तर त्या अँटिबॉडी किडनीच्या रक्तवाहिन्यांवर तुटून पडतात, आत गुठळ्या होतात आणि काही मिनिटांत किंवा तासांत किडनी काळीनिळी पडून बंद होऊ शकते.

नियम रक्तदानासारखाच आहे. ओ गटाचा दाता कुणालाही देऊ शकतो. एबी गटाचा रुग्ण कुणाकडूनही घेऊ शकतो. ए गटाची किडनी ए किंवा एबीला, बीची बी किंवा एबीला. सगळ्यात अडचण ओ गटाच्या रुग्णाची, त्याला फक्त ओ गटाचीच किडनी चालते.

म्हणजे दाता आणि रुग्ण यांचा रक्तगट एकच असायला हवा असं नाही. आई ओ आणि मुलगा बी असेल तर आईची किडनी मुलाला चालू शकते. ‘गट वेगळा’ म्हणून पहिल्याच बैठकीत आईचं नाव खोडलेली घरं आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्हचं काय? त्याचा इथं संबंध नाही. ती खूण तांबड्या पेशींवर असते, किडनीवर नसते. निगेटिव्ह माणूस पॉझिटिव्ह माणसाला किडनी देऊ शकतो आणि घेऊही शकतो.

जाता जाता एक मुंबईची गोष्ट. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक अजब रक्तगट शोधला, जो पुढे जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला गेला. नेहमीच्या तपासणीत तो ओ सारखा दिसतो. पण ओ गटाच्या पेशींवर एच नावाची जी मूळ खूण असते, तीही या माणसांत नसते. त्यामुळे त्यांच्या रक्तात एचविरुद्धसुद्धा अँटिबॉडी असते, आणि ‘सर्वांना चालणारी’ ओ गटाची किडनीही त्यांच्या शरीराला परकीच. असे रुग्ण फार विरळा, पण त्यांच्यासाठी दाता शोधणं हे अतिशय कठीण काम होऊन बसतं.

एचएलए: सहापैकी किती?

रक्तगटाची चाळणी पार झाली की एचएलए टायपिंग, म्हणजे एचएलएच्या खुणा ओळखण्याची तपासणी, होते. एचएलए म्हणजे शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींवर असणाऱ्या खुणांचा एक संच. तो सहाव्या क्रोमोसोमवर लिहिलेला असतो. आईकडून एक संच येतो, वडिलांकडून एक. प्रत्यारोपणासाठी त्यातल्या मुख्यतः तीन जागा पाहतात: ए, बी आणि डीआर. (रक्तगटाच्या ए-बीशी यांचा काही संबंध नाही, नावं तेवढी सारखी आहेत.) दोन्ही बाजूंच्या मिळून सहा खुणा होतात. रिपोर्टवर ‘सहापैकी तीन’ असं लिहिलेलं असतं ते याचंच.

आई-वडील आणि मूल यांच्यात निम्मं जुळणं ठरलेलंच, कारण मुलाचा एक संच त्यांच्याकडूनच आलेला असतो. भावंडांचं तसं नाही. दोन सख्ख्या भावंडांना आईकडून एकच संच आला की वेगवेगळा, वडिलांकडून एकच की वेगळा, हा नशिबाचा भाग. दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारात एक, एक संच जुळण्याची चारात दोन, आणि एकही न जुळण्याचीसुद्धा चारात एक. एकाच आईच्या पोटची दोन लेकरं या बाबतीत एकमेकांना पूर्ण परकी असू शकतात. आणि चेहरेपट्टीवरून यातलं काहीच कळत नाही. ‘हा अगदी थोरल्यासारखा दिसतो, याचीच मॅच होणार’ या बोलण्याला अर्थ नाही.

नवरा-बायकोमध्ये तर बहुधा सहापैकी शून्य किंवा एखादी खूण जुळते. मग इतक्या बायकांच्या किडन्या नवऱ्यांच्या अंगात बिनबोभाट चालतात कशा?

या प्रश्नाचं उत्तर १९९५ साली आकड्यांत मिळालं. अमेरिकेतले पॉल तेरासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो प्रत्यारोपणांची नोंद तपासली. तीन वर्षांनंतर चालू असलेल्या किडन्यांचं प्रमाण असं होतं: पती किंवा पत्नीनं दिलेल्या ८५ टक्के, आई-वडिलांनी दिलेल्या ८२ टक्के, मृत दात्याकडून मिळालेल्या ७० टक्के. एचएलए जवळपास न जुळणाऱ्या जोडीदाराची किडनी निम्मं जुळणाऱ्या आई-वडिलांच्या किडनीच्या बरोबरीनं चालली.

याची कारणं दोन. जिवंत दात्याची किडनी निरोगी असते, ठरवून काढली जाते आणि थोड्याच वेळात दुसऱ्या शरीरात रक्त घेऊ लागते. तासन्‌तास बर्फात राहिल्यानं होणारी हानी तिला सोसावी लागत नाही. दुसरं कारण म्हणजे औषधं. १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन आलं, पुढे टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट आली. प्रतिकारशक्तीला काबूत ठेवणारी ही औषधं इतकी परिणामकारक आहेत की एचएलएमधला बराचसा फरक ती सांभाळून घेतात.

मग टायपिंगला काहीच किंमत नाही का? आहे. सहाच्या सहा खुणा जुळलेल्या भावंडाची किडनी सर्वात जास्त काळ टिकते, हे आजही खरं आहे. आणि रुग्ण तरुण असेल तर आणखी एक हिशेब असतो. जिवंत दात्याची किडनी साधारण पंधरा ते वीस वर्षं चालते, काहींची त्याहून जास्त. पंचविशीतल्या मुलाला आयुष्यात दुसऱ्यांदा किडनी लागू शकते. पहिली जितकी कमी जुळणारी, तितक्या जास्त खुणांविरुद्ध त्याचं शरीर तयार होतं आणि दुसरा दाता मिळणं तितकं अवघड जातं. म्हणून दोन-तीन दाते तयार असतील तर जास्त जुळणारा निवडावा. एकच असेल आणि सहापैकी शून्य आलं, तर तेवढ्यावरून त्याला घरी पाठवू नये.

खरी कसोटी क्रॉसमॅचची

लग्न ठरवताना पत्रिका पाहणारी घरं छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते बघतात. गुण चांगले आले तरी एकनाड निघाली की बरीच घरं तिथंच थांबतात. पत्रिकेवर माझा विश्वास नाही, पण किडनीच्या तपासण्यांचा आपसांतला संबंध समजून घ्यायला ही पद्धत नेमकी उपयोगी पडते. टायपिंग म्हणजे गुण: जास्त आले तर उत्तम, कमी आले तरी निभतं. क्रॉसमॅच म्हणजे नाडी: ती आडवी आली की बाकीचे गुण कितीही असोत, आहे तसं पुढे जाता येत नाही.

क्रॉसमॅचमध्ये रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत का ते बघतात. ही तपासणी कशी होते ते पाहण्यासारखं आहे. दात्याच्या रक्तातून लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात. एका प्लेटवर बारीक बारीक खळगे असतात, त्यात या पेशींचा एकेक सूक्ष्म थेंब सोडतात आणि वरून रुग्णाच्या रक्ताचं सीरम, म्हणजे पेशी आणि गुठळी काढून उरलेलं पिवळसर पाणी, घालतात. थोडा वेळ तसंच ठेवून त्यात सशाच्या रक्तापासून मिळवलेलं कॉम्प्लिमेंट घालतात. अँटिबॉडी चिकटलेल्या पेशीला भोक पाडायचं काम हे कॉम्प्लिमेंट करतं. शेवटी रंग टाकून प्लेट मायक्रोस्कोपखाली धरतात. जिवंत पेशी रंग आत घेत नाही. भोक पडून मेलेल्या पेशीत रंग शिरतो. रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटिबॉडी असतील तर खळग्यात रंगलेल्या, मेलेल्या पेशींचा खच दिसतो. किडनी बसवल्यावर शरीरात जे घडलं असतं, ते एका थेंबात आधीच दिसून जातं.

या साध्या तपासणीनं किती जीव वाचवले असतील! १९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी २२५ प्रत्यारोपणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असूनही किडनी बसवलेल्या ३० रुग्णांपैकी २४ जणांची किडनी लगेचच निकामी झाली. क्रॉसमॅच निगेटिव्ह असलेल्या १९५ जणांत असं फक्त ८ जणांचं झालं. तेव्हापासून क्रॉसमॅच केल्याशिवाय किडनी बसवायची नाही, हा जगभरचा शिरस्ता झाला.

इथं पॉझिटिव्ह म्हणजे वाईट आणि निगेटिव्ह म्हणजे चांगलं, हे नातेवाइकांनी पक्कं लक्षात ठेवायला हवं. ‘पॉझिटिव्ह आलं’ ऐकून पेढे आणायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

आता याहून बारीक तपासण्या आहेत. फ्लो क्रॉसमॅचमध्ये मशीन पेशींवर चिकटलेल्या अगदी थोड्या अँटिबॉडीही टिपतं. आणखी एका तपासणीत रुग्णाच्या रक्तात नेमक्या कोणत्या एचएलए खुणेविरुद्ध अँटिबॉडी आहे आणि किती, हे कळतं. दात्याच्या खुणांविरुद्धच्या अशा अँटिबॉडीला डीएसए म्हणतात. साधी क्रॉसमॅच निगेटिव्ह येऊनही डीएसए सापडू शकते. उलट क्वचित क्रॉसमॅच खोटीच पॉझिटिव्हही येते, रुग्णाच्या स्वतःच्याच पेशींवर जाणाऱ्या निरुपद्रवी अँटिबॉडीमुळे. म्हणून एका रिपोर्टवर फैसला करायचा नसतो, सगळे रिपोर्ट शेजारी ठेवून वाचायचे असतात.

या अँटिबॉडी येतात कुठून?

एबी गट सोडला तर रक्तगटाच्या अँटिबॉडी सगळ्यांमध्ये असतात, पण एचएलएविरुद्धच्या तशा नसतात. परक्या माणसाच्या पेशींशी आधी कधीतरी संबंध आलेला असावा लागतो. तो मुख्यतः तीन वाटांनी येतो: रक्त चढवल्यामुळे, आधीच्या प्रत्यारोपणामुळे, आणि गरोदरपणामुळे.

रक्ताची वाट आपल्या हातातली आहे. किडनीच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन घसरतं, थकवा येतो, आणि ‘एक बाटली चढवून घ्या, तरतरी येईल’ असा सल्ला सहज मिळतो. त्या प्रत्येक बाटलीतून परक्या पांढऱ्या पेशी आत जातात आणि काही जणांचं शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करून ठेवतं. पुढे दाता मिळतो तेव्हा क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येते. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर लोह आणि तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं देऊन हिमोग्लोबिन टिकवणं हा शहाणपणाचा मार्ग. रक्तस्रावासारख्या तातडीच्या वेळी रक्त घ्यावंच लागतं, तिथं टाळाटाळ नको, पण पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मिळेल का हे जरूर विचारावं. त्यानं धोका कमी होतो, पूर्ण जात नाही.

गरोदरपणाची वाट मात्र निसर्गानंच घातलेली आहे, आणि तिचा भार बाईवर पडतो. पोटातल्या बाळाच्या निम्म्या खुणा वडिलांच्या असतात. गरोदरपणात आणि बाळंतपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात मिसळतात. काही बायकांचं शरीर त्या खुणांविरुद्ध, म्हणजे नवऱ्याच्या एचएलएविरुद्ध, अँटिबॉडी तयार करतं. गर्भपात झाला असेल तरी हे होऊ शकतं.

पुढे तिच्या किडन्या गेल्या आणि नवरा द्यायला तयार झाला, तर त्याचीच क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येण्याची शक्यता असते. मुलगा किंवा मुलगी पुढे आली तरी अडचण तीच, कारण त्यांच्यातही वडिलांचा अर्धा वाटा आहे. आई लेकराला देते तेव्हा ही अडचण नसते. लेकरू आईला देतं तेव्हा असू शकते. आणि बायको नवऱ्याला देते तेव्हा तर नसतेच, नवरा कधी गरोदर नव्हता.

आपल्या समाजाचा हिशेब याच्या शेजारी ठेवला की मन खिन्न होतं. देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त आहेत. राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटनेच्या, म्हणजे नोटोच्या, १९९५ ते २०२१ या काळातल्या आकडेवारीत अवयव मिळालेल्या पाचांपैकी जवळपास चार पुरुष आहेत. ‘तो कमावता आहे’ हे कारण कायम तयार असतं. बाईला किडनी लागते तेव्हा द्यायला पुढे येणारे मुळात कमी, आणि जे येतात त्यातले नवरा आणि मुलं तिच्या शरीराला न चालण्याची शक्यता जास्त. म्हणून तिच्यासाठी दाते शोधताना तिच्या माहेराकडे आधी बघायला हवं: आई, वडील, भाऊ, बहीण. तिच्या शरीराच्या दृष्टीनं ही माणसं बहुधा जास्त सोयीची असतात. आणि डॉक्टरांना माहिती देताना सगळी गरोदरपणं सांगावीत, पडलेलीसुद्धा. सासरच्या माणसांसमोर बोलायचा संकोच वाटत असेल तर हॉस्पिटलच्या प्रत्यारोपण कोऑर्डिनेटरला एकटीनं भेटून सांगावं.

नाहीच जुळलं तर?

एकेकाळी गोष्ट इथं संपायची. आता दोन वाटा आहेत.

पहिली वाट अँटिबॉडी काढून टाकण्याची. प्लाझ्मा एक्स्चेंज करून, म्हणजे रक्तातला द्रव भाग बदलून, रुग्णाच्या रक्तातल्या अँटिबॉडी उपसतात आणि नव्या तयार होऊ नयेत म्हणून रिटुक्सिमॅबसारखं औषध देतात. अँटिबॉडीची पातळी ठरावीक मर्यादेखाली आली की ऑपरेशन. मृत दाते फार कमी मिळतात म्हणून जपाननं १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून रक्तगट न जुळणारी प्रत्यारोपणं मोठ्या प्रमाणावर केली आणि ती यशस्वी होतात हे दाखवून दिलं. आपल्याकडेही मोठ्या शहरांत ती होतात. यातली नवलाची गोष्ट अशी, की काही आठवड्यांनी रक्तगटाच्या अँटिबॉडी परत वाढल्या तरी तोवर किडनी बहुधा रुळलेली असते आणि तिला इजा होत नाही. एचएलएविरुद्धच्या अँटिबॉडी मात्र इतक्या समजूतदार नसतात, त्या परतल्या तर किडनी हळूहळू खराब करत राहतात. या वाटेवर खर्च बराच वाढतो, आणि प्रतिकारशक्ती जास्त दाबल्यामुळे जंतुसंसर्गाची भीतीही वाढते.

दुसरी वाट अदलाबदलीची, जिला सगळे स्वॅप म्हणतात. समजा सांगलीतल्या एका बी गटाच्या माणसाला किडनी हवी आहे आणि द्यायला तयार असलेल्या त्याच्या बायकोचा गट ए आहे. नाशिकच्या एका घरात रुग्ण ए गटाचा आणि द्यायला तयार असलेली त्याची बहीण बी. दोन्ही घरांत द्यायला माणूस आहे, पण चालत नाही. मग सांगलीच्या बायकोची ए गटाची किडनी नाशिकच्या रुग्णाला, आणि नाशिकच्या बहिणीची बी गटाची सांगलीच्या नवऱ्याला. कुणाच्याही प्रतिकारशक्तीशी झटापट करावी लागत नाही आणि खर्च नेहमीच्या प्रत्यारोपणाएवढाच.

अशी पहिली अदलाबदल १९९१ मध्ये दक्षिण कोरियात झाली. पुढे अमेरिकेत एल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञानं शेकडो जोड्यांतून एकमेकांना चालणाऱ्या जोड्या कशा शोधायच्या याचं गणित बसवायला मदत केली. अशाच जुळवाजुळवीच्या सिद्धान्तावरच्या कामासाठी लॉइड शॅप्ले यांच्याबरोबर त्यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या शेजारी अहमदाबादच्या किडनी इन्स्टिट्यूटनं स्वॅपचं मोठं काम उभं केलं आहे. मुंबईतही ॲपेक्स स्वॅप ट्रान्सप्लांट रजिस्ट्री न जुळणाऱ्या जोड्यांची नोंद ठेवते.

‘आमच्या माणसानं किडनी दिली आणि समोरच्यानं ऐनवेळी माघार घेतली तर?’ ही शंका प्रत्येक जोडी विचारते आणि ती रास्त आहे. दाता शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणू शकतो, त्याला कुणीच बांधून ठेवू शकत नाही. म्हणूनच दोन्ही दात्यांची ऑपरेशनं शक्यतो एकाच वेळी सुरू करतात. दुसरी शंका: ‘आमचा दाता तिशीतला, त्यांचा पंचावन्नचा, हा सौदा बरोबरीचा कसा?’ यावर डॉक्टर दोन्ही किडन्यांचं काम, वय आणि आकार पाहून जोड्या लावतात, आणि पसंत नसेल तर नकार द्यायची मुभा असते. पण तुलना कशाशी करायची हेही पाहावं. घरची तरुण किडनी आपल्या माणसाला चालणारच नसेल, तर ती तुलनेत धरण्यात अर्थ नाही.

ओ गटाच्या रुग्णांना स्वॅपमध्येही जास्त थांबावं लागतं, कारण ओ गटाचे दाते बहुधा आपापल्या घरीच उपयोगी पडतात, यादीत येतच नाहीत. यादी जितकी मोठी, तितकी अशांना संधी जास्त. एकेका हॉस्पिटलनं आपल्यापुरत्या वहीत जोड्या लिहून ठेवल्या तर फारसं काही साधत नाही. राज्याची, देशाची एकच यादी व्हायला हवी, आणि ती लवकर व्हायला हवी.

सगळं जुळूनही दात्याला नकार?

होय, आणि तो दात्याच्या भल्यासाठी असतो. मधुमेह, न आवरणारा रक्तदाब, लघवीतून जाणारं प्रथिन, हिपॅटायटिस, एकूण किडनीचं काम कमी असणं, यातलं काही निघालं तर डॉक्टर थांबवतात. डीटीपीए स्कॅनमध्ये दोन्ही किडन्या किती किती काम करतात ते वेगवेगळं मोजतात. सीटी अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या किती आणि कशा आहेत ते दिसतं. दोन्हींत फरक असेल तर चांगली किडनी दात्याकडे ठेवायची, हा नियम आहे. फरक नसेल तर सहसा डावी काढतात, तिची शीर लांब असल्यानं जोडायला सोपी जाते.

पॉलिसिस्टिक किडनीसारखा, म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी होत जाणारा, आजार आनुवंशिक असतो. रुग्णाला तो असेल तर भावंडांमध्येही तो असू शकतो, म्हणून त्यांची तपासणी अधिक काटेकोरपणे होते. एचएलए सहापैकी सहा जुळलेला भाऊ नाकारला जातो, त्यामागं कधीकधी हे कारण असतं.

दात्याच्या धोक्याबद्दल लपवाछपवी नको. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांनुसार ऑपरेशननंतरच्या तीन महिन्यांत दात्याचा मृत्यू होण्याचं प्रमाण १९९४ ते २००९ या काळात दहा हजारांत सुमारे तीन होतं. आयुष्यात पुढे दात्याचीच किडनी निकामी होण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे ९०, तर तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या माणसांत १४. धोका वाढतो, पण मुळात तो लहान आहे. हे आकडे दात्याला स्वतःला, एकट्याला बसवून सांगायला हवेत. घरच्यांच्या दबावाखाली ‘हो’ म्हणणाऱ्या सुनेला ‘नाही’ म्हणायची जागा तिथंच मिळते. अशा वेळी बरेच डॉक्टर बाहेर फक्त ‘वैद्यकीय कारणानं जमत नाही’ एवढंच सांगतात, आणि ते योग्यच आहे.

कायदा काय म्हणतो

१९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा सुरुवातीला ज्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. आता जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं. याच दुरुस्तीनं न जुळणाऱ्या जोड्यांच्या अदलाबदलीलाही कायदेशीर वाट दिली. सासू, सून, दीर, मेहुणा, काका, चुलतभाऊ या यादीत नाहीत. त्यांनी द्यायचंच नाही असं नाही, पण प्रेमापोटी देतो आहोत, पैशासाठी नाही, हे परवानगी देणाऱ्या प्राधिकरण समितीपुढे पटवून द्यावं लागतं. कागदपत्रं, कुटुंबाचे फोटो, व्हिडिओ रेकॉर्डिंगसह मुलाखत, सगळं होतं. चिडचिड होते, पण किडनीचा बाजार मांडणारे दलाल आपल्या राज्यातही पकडले गेले आहेत, हे विसरून चालणार नाही.

‘मॅच होत नाही’ असं सांगितलं तर

नेमकं काय अडलं, हे विचारा आणि रिपोर्टची प्रत मागून घ्या. रक्तगट अडला असेल तर स्वॅप किंवा रक्तगट न जुळणारं प्रत्यारोपण यांपैकी काय शक्य आहे ते विचारा. क्रॉसमॅच अडली असेल तर डीएसए तपासली का, पातळी किती आहे, आणि स्वॅपमध्ये नाव घालता येईल का. दात्याची तब्येत आडवी आली असेल तर त्याच्यावर उपचार आणि दुसऱ्या नातेवाइकाची तपासणी. यातलं काहीही चालू असतानाच हॉस्पिटलमार्फत मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवून घ्या. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांकडे या याद्या असतात, आणि घरचा दाता तपासणीत असला तरी तिथं नाव लावायला आडकाठी नसते. प्रत्यारोपणाची तारीख ठरल्यावर शेवटच्या दिवसांत क्रॉसमॅच पुन्हा एकदा करतात. मधल्या काळात रुग्णाला रक्त चढवलं असेल तर ते टीमला त्याआधी सांगा.